उजेड कोणाच्या चेहऱ्यासाठी मोजला जातो?

घाटकोपर पूर्वेच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात राहणारा एक विद्यार्थी रविवारी आमच्या कॅमेरा वर्गाला येतो. वर्ग म्हणजे बुद्धविहाराची मागची खोली, दोन मोबाइल, एक जुना स्टँड आणि थर्माकोलचे चार तुकडे. हा मुलगा उपनगरातल्या एका महाविद्यालयात माध्यमांचे शिक्षण घेतो. तेथे पाच मिनिटांचा लघुपट करायला सांगितला, तेव्हा त्याने तो आपल्या आईवर केला. आई सकाळी शेगडीपाशी भाकरी करते, डबा भरते आणि कामाला निघते, एवढेच त्यात होते. मोबाइल त्याने खोलीच्या आतल्या भिंतीला लावला. आईच्या मागे उघडा दरवाजा होता. चित्रात दरवाज्याबाहेरची गल्ली स्वच्छ दिसली, दोरीवरचे कपडे दिसले, समोरच्या घराचा रंग दिसला. आई मात्र काळी सावली झाली.

वर्गात लघुपट दाखवल्यावर शिकवणारे म्हणाले, "चेहरा वाचता येत नाही. अशा स्किनवर लाइट लागत नाही. पुढच्या वेळी एखादी उजळ मुलगी घे."

पुढच्या रविवारी त्याने आम्हाला विचारले, "दादा, खरंच आपल्या चेहऱ्यावर लाइट लागत नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता आले असते. पण त्याच्या मागे मोठा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्याच उपनगरांत घडलेला आहे. तो आपल्या मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

माप कोणी ठरवले?

उजेड सर्वांवर सारखाच पडतो. पण कॅमेरा उजेड जसा आहे तसा घेत नाही, तो मोजतो. मोजायला माप लागते आणि माप माणसांनी ठरवलेले असते. कॅमेऱ्यातला मीटर असे धरून चालतो की समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करडी आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारी. उघड्या दरवाज्यापुढे माणूस उभे केले की मीटरला वाटते, उजेड फार झाला. तो सगळे चित्र खाली ओढतो. दरवाजा नीट येतो आणि माणूस काळा होतो. चेहरा जितका सावळा, तितका तो आधी बुडतो. म्हणजे त्या लघुपटात आईच्या कातडीचा दोष नव्हता. मोबाइलला कोणी सांगितलेच नव्हते की या चित्रात दरवाजा महत्त्वाचा नाही, आई महत्त्वाची आहे.

फिल्मच्या काळात ही गोष्ट आणखी खोल होती. सुरुवातीची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. माणसाच्या त्वचेतून लाल प्रकाशच जास्त परत येतो, त्यामुळे त्या फिल्मवर चेहरे होते त्याहून काळवंडलेले उमटत आणि नटांना फिकट रंग फासून उभे राहावे लागे. पुढे रंगीत फिल्म आली. ती धुणाऱ्या आणि छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी एक नमुना-चित्र पाठवत असे. त्यात एक गोरी स्त्री असे. कंपनीतल्या ज्या बाईचे चित्र प्रथम वापरले तिच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणू लागले. शर्लीचा चेहरा बरोबर आला की छपाई बरोबर. अमेरिकेतल्या काळ्या मुलांचे वर्गातले फोटो वर्षानुवर्षे नीट येत नव्हते, आया तक्रार करत होत्या. लोर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासक बाईंनी हा इतिहास शोधून काढला, तेव्हा समजले की फिल्म सुधारण्याच्या मागे लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्यांच्या तक्रारींचाही हात होता. त्यांच्या जाहिरातीत गडद तपकिरी छटा वेगवेगळ्या दिसत नव्हत्या! १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच दिग्दर्शक गोदार मोझांबिकमध्ये गेला, तेव्हा कोडॅकची फिल्म वंशवादी आहे असे सांगून त्याने ती वापरायला नकार दिला होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जात म्हणजे वंश नव्हे. बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन'मध्ये आणि पुढे शूद्र व अस्पृश्यांवरील ग्रंथांत जातीचा वांशिक सिद्धांत खोडून काढला आहे. कातडीच्या रंगावरून जात ओळखता येत नाही. आपल्या वस्तीत गोरी माणसे आहेत आणि ब्राह्मणांत सावळी आहेत. म्हणून 'काळ्या रंगावर अन्याय' एवढेच म्हणून आपले काम भागत नाही. प्रश्न असा आहे की चौकटीत कोणासाठी उजेड मोजायचा, हे ठरवणारा कोण आणि तो कोणाला महत्त्वाचे समजतो. आपल्या देशात याचे उत्तर जातीच्या रचनेतून आलेले आहे.

मालाड, १९३६

१९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली. बोलपटाच्या त्या पहिल्या दिवसांत ही देशातली अत्यंत सुसज्ज चित्रसंस्था होती. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन जोसेफ विर्शिंग जर्मनीहून आले होते. प्रयोगशाळा स्वतःची होती. अशोक कुमार आधी तेथे प्रयोगशाळेतच कामाला होते. आज मालाड पश्चिमेला बॉम्बे टॉकीज कंपाउंड या नावाने ती जागा ओळखली जाते आणि तेथे गाळे आणि कारखाने आहेत.

याच संस्थेने १९३६ मध्ये 'अछूत कन्या' काढला. रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य गेटमनची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांचे प्रेम. लग्न होऊ शकत नाही. शेवटी भांडणाऱ्या दोन पुरुषांना वाचवण्यासाठी कस्तुरी गाडीपुढे धावते आणि मरते. चित्रपट गाजला. आजही सिनेमाच्या इतिहासात अस्पृश्यतेविरुद्धचे पाऊल म्हणून त्याचे नाव घेतात.

त्यातील प्रकाश पाहा. कस्तुरीची भूमिका देविका राणींनी केली. त्या ठाकूर घराण्याच्या नात्यातल्या, लंडनला शिकलेल्या. भुवया बारीक कोरलेल्या, चेहरा नितळ. गेटमनच्या पोरीच्या अंगावर उन्हाची, कष्टाची एक खूण नाही. विर्शिंगचा प्रकाश त्यांच्यासाठी जपून मांडलेला आहे. विर्शिंग मोठा कलावंत होता, पुढे 'महल' आणि 'पाकीझा' त्यानेच चित्रित केले. सावली कशी वापरावी हे शिकायचे असेल तर आपल्या मुलांनी त्याचे काम जरूर पाहावे. पण प्रश्न असा की हा मेहनतीने मांडलेला उजेड कोणासाठी होता? तो नायिकेसाठी होता. अस्पृश्य मुलगी प्रेक्षकाला आपलीशी वाटावी म्हणून तिला आधी सवर्ण तारका करावे लागले.

आता तेच साल मुंबईत दुसरीकडे काय चालले होते? १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात जाहीर केले होते की मी हिंदू म्हणून मरणार नाही. मे १९३६ मध्ये लाहोरच्या मंडळाने नाकारलेले 'जातिभेद निर्मूलन'चे भाषण त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्याच महिन्याच्या शेवटी मुंबई इलाखा महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची कारणे मांडली. ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. म्हणजे खरी अस्पृश्य माणसे सभा भरवत होती, पक्ष काढत होती, धर्म नाकारत होती. आणि त्याच वर्षी मालाडच्या स्टुडिओत अस्पृश्य मुलगी सोशीकपणे रुळावर मरत होती. एक चौकट दयेची होती, दुसरी हक्काची. कॅमेरा पहिल्या चौकटीकडे वळलेला होता.

याची दुसरी बाजू दक्षिणेत दिसते. मल्याळम भाषेतील पहिल्या मूकपटात, जे. सी. डॅनियल यांच्या 'विगतकुमारन'मध्ये, पी. के. रोझी या दलित स्त्रीने नायर स्त्रीची भूमिका केली. सवर्णांचा संताप एवढा झाला की तिला गाव सोडून पळून जावे लागले. आज त्या चित्रपटाची प्रत उपलब्ध नाही. अस्पृश्य स्त्रीची भूमिका करणाऱ्या देविका राणींना पुढे पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, आणि सवर्ण स्त्रीची भूमिका करणारी अस्पृश्य स्त्री पडद्यावरून पुसली गेली. चेहरा आणि भूमिका यांची अदलाबदल एकाच दिशेने चालते, हे यातून दिसते.

अंधेरी, १९५९

'अछूत कन्या'नंतर तेवीस वर्षांनी अंधेरीच्या मोहन स्टुडिओतून काम करणाऱ्या बिमल रॉय यांनी 'सुजाता' केला. ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी, नूतन. हा चित्रपट 'अछूत कन्या'पेक्षा कितीतरी संयत आहे, त्यात मुलगी मरत नाही, लग्नही होते. बिमल रॉय यांच्या सद्भावनेबद्दल आम्हाला शंका नाही. पण त्यात सुजाताला स्वीकारले जाते ते तिने पालक आईला रक्त दिल्यावर. आणि जीव द्यायला निघालेल्या सुजाताला परत फिरवते ते गांधीघाटावरचे गांधींचे वचन.

१९५९ साल होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली होती. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि दादरच्या चौपाटीवर मुंबईने कधी न पाहिलेला जनसागर लोटला. अंधेरीपासून दादर किती दूर? लोकलने अर्धा तास. तरीही अस्पृश्यतेवरच्या या चित्रपटाच्या चौकटीत बाबासाहेब कोठेच नाहीत. चौकट म्हणजे काय दाखवले एवढेच नसते. काय बाहेर ठेवले, हेही चौकटच ठरवते. फ्रेमिंग शिकवणारे विद्यार्थ्यांना तिरकस रेषा, तृतीयांशाचा नियम, डोक्यावरची जागा शिकवतात. ते शिकलेच पाहिजे. पण चौकटीबाहेर कोण राहिले, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमात नसतो.

घाटकोपर, १९९७

११ जुलै १९९७. रमाबाई नगरातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी लोकांना दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांच्या तुकडीने गोळीबार केला. दहा जण ठार झाले, अनेक जखमी झाले. गोळीबाराचे समर्थन करताना सांगितले गेले की महामार्गावर गॅसचे टँकर होते, जमाव ते पेटवणार होता, मोठा अनर्थ टाळला. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि तुकडीचे प्रमुख मनोहर कदम यांना जबाबदार धरले. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने कदम यांना जन्मठेप सुनावली, पुढे त्यांना उच्च न्यायालयातून जामीन मिळाला.

आता टँकरची ही गोष्ट कॅमेरा शिकणाऱ्याच्या नजरेने पाहा. टँकर कोठे होते? माणसे कोठे पडली? दोन्हींमध्ये अंतर किती? आधी काय झाले आणि नंतर काय? हे चारही प्रश्न चौकटीचे प्रश्न आहेत. लांबची भिंग लावली की मागची वस्तू पुढच्या माणसाला चिकटल्यासारखी दिसते, दोनशे फुटांचे अंतर वीस फुटांचे वाटते. फक्त जळणारी वस्तू चौकटीत घेतली की जागेचा अंदाज येत नाही. आधी एक रुंद शॉट घेऊन जागा प्रस्थापित करणे, मग जवळ जाणे, हा सिनेमाच्या पहिल्या धड्यातला नियम आहे. आमच्या वर्गात आम्ही तो असा शिकवतो: तो रुंद शॉट उद्या आयोगापुढे पुरावा ठरू शकतो. त्या काळी आपल्या वस्तीत घरोघरी कॅमेरा नव्हता. आज प्रत्येक घरात आहे. पण तो थरथरत, उभा धरून, चेहऱ्यावर नेमका फोकस न ठेवता वापरला तर असून नसल्यासारखा.

त्या घटनेनंतर चार दिवसांनी मुलुंडमध्ये शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. डाव्या चळवळीत गायलेल्या या शाहिराने जाताना कपाळाला निळी पट्टी बांधली होती. आनंद पटवर्धन यांनी आपल्या 'हमारा शहर' या १९८५ च्या माहितीपटात घोगरेंचे गाणे वापरले होते. घोगरे गेल्यावर पटवर्धन कॅमेरा घेऊन निघाले आणि चौदा वर्षांनी 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला. पटवर्धन आपल्यातले नाहीत आणि त्यांच्या सर्वच मांडणीशी आम्ही सहमत नाही. पण त्या माहितीपटातली एक गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक पाहावी. माणसे आपापल्या घरात, आपल्या वस्तूंमध्ये, आपल्या भिंतीवरच्या बाबासाहेब आणि बुद्धांच्या तसबिरींसह बोलतात आणि कॅमेरा त्यांच्या जवळ थांबून ऐकतो. एरवी मुंबईची वस्ती पडद्यावर येते ती उंचावरून. निळ्या ताडपत्र्यांचा समुद्र, मग संगीत, मग नायक. त्या उंचीवरून एकाही माणसाचे नाव दिसत नाही. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणला की समोर गर्दी राहत नाही, माणूस येतो.

विद्यार्थ्याचा कॅमेरा

मराठी सिनेमात हा बदल कोठून आला? मोठ्या स्टुडिओतून आला नाही, तो एका विद्यार्थ्याच्या लघुपटातून आला, हे आम्ही मुलांना नेहमी सांगतो. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यास शिकत होते. तेथे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेत जाऊ इच्छिणारा गरीब मुलगा, एवढीच गोष्ट. त्याला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. साधने तुटपुंजी होती, पण कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे याबद्दल संशय नव्हता.

पुढे 'फँड्री' आला. कैकाडी कुटुंबातला जब्या, डुकरे धरण्याचे काम, आणि वर्गातली मुलगी. विक्रम अमलाडी यांच्या कॅमेऱ्याने माळरानाचे कडक ऊन तसेच ठेवले, त्याला साखर लावली नाही. सावळा जब्या त्या उन्हात स्पष्ट दिसतो, कारण उजेड त्याच्यासाठी मोजला आहे. शेवटाकडे धरलेले डुक्कर काठीला बांधून कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते. त्या भिंतीवर बाबासाहेब, जोतीराव, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. कोणी भाषण करत नाही. पुढे डुक्कर वाहणारी माणसे आणि मागे ती भिंत, एवढ्या एका मांडणीतून महाराष्ट्राच्या पुरोगामीपणाचा पंचनामा होतो. आणि शेवटी जब्या दगड फेकतो तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे बघणाऱ्यावर. 'अछूत कन्या'ची कस्तुरी गाडीखाली जाते, जब्या दगड उचलतो. या दोन शेवटांमध्ये सत्याहत्तर वर्षांची चळवळ आहे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या 'कोर्ट'मध्ये वेगळी युक्ती आहे. कॅमेरा रुंद आणि स्थिर, कोर्टाची खोली पूर्ण दिसते, कोणाच्या चेहऱ्यावर झडप घालून भाव दाखवले जात नाहीत. शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार स्वतः नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते होते. त्या स्थिर चौकटीत ते लहान दिसतात, व्यवस्था मोठी दिसते आणि कंटाळा हीच शिक्षा आहे हे आपल्याला उमगते. चौकट लांब ठेवूनही न्यायाची बाजू घेता येते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप बाहेरचा. "कलेला जात नसते, लाइट म्हणजे विज्ञान आहे, त्यात कसले आंबेडकर?" विज्ञान आहे हे आम्हाला मान्य आहे, वर १८ टक्क्यांचा हिशेब आम्हीच दिला. पण मीटर कोठे रोखायचा हे विज्ञान सांगत नाही, माणूस सांगतो. 'उजळ मुलगी घे' हा सल्ला विज्ञानाचा नव्हता. विज्ञान जाणणाऱ्याने 'दरवाजा बंद कर किंवा आईचे तोंड दरवाज्याकडे कर' असे सांगितले असते. आणि ज्यांना दलित पात्र दाखवायचे म्हणून गोऱ्या नटाला काळा रंग फासावा लागतो, त्यांनी तर जातीचा विषय काढूच नये. चेहरा उजळवणे आणि चेहरा काळा करणे या एकाच वृत्तीच्या दोन बाजू आहेत. खरे माणूस त्यांना दोन्हीकडे नको असते.

दुसरा आक्षेप आपल्यातला आहे आणि तो अधिक नुकसान करतो. "आशय महत्त्वाचा. तंत्र, लाइट, फ्रेम हे पैसेवाल्यांचे चोचले. आपला लघुपट अंधुक असला तरी खरा आहे." मित्रांनो, हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो नाही. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. समाज निरक्षर आहे म्हणून भाषा कशीही चालेल, असे त्यांनी कधी म्हटले नाही. बाबासाहेबांचे फोटो पाहा. सूट, टाय, हातात पुस्तक, नजर समोर. ज्या समाजाला अंगभर वस्त्र आणि दागिना घालण्याची मनाई होती, त्याच्या पुढाऱ्याने आपण कसे दिसायचे हे स्वतः ठरवले. आज वस्तीवस्तीत भिंतीवर असलेली ती प्रतिमा नुसती भक्तीची नाही, तो आपण आपल्या हाताने आखलेल्या चौकटीचा पहिला धडा आहे. अंधुक चित्राचा अभिमान बाळगणे म्हणजे 'यांच्यावर लाइट लागत नाही' हे म्हणणे मान्य करणे होय.

दहा बाय बाराची खोली

म्हणून आता कामाचे बोलू. आपल्या मुलांकडे स्टुडिओ नाही. दहा बाय बाराची खोली आहे, एक दरवाजा, फार तर एक खिडकी, एक ट्यूबलाइट. एवढ्यात काय होते?

दरवाजा हा आपला सर्वांत मोठा दिवा आहे. माणसाला त्याच्यापुढे पाठमोरे उभे करू नका. त्याला दरवाज्याच्या बाजूला बसवा आणि तोंड थोडे उजेडाकडे वळवा. एक गाल उजळेल, दुसरा सावलीत जाईल, चेहऱ्याला आकार येईल. सावलीतल्या बाजूला थर्माकोलचा तुकडा किंवा पांढरी चादर धरा. सिनेमाच्या सेटवरही हेच करतात, तेथील लाइटवाले याला बाउन्स म्हणतात. गल्लीत ऊन पडत असेल तर बाहेर जमिनीवर पांढरी चादर अंथरा, उजेड उडून खोलीच्या छतापर्यंत येतो.

मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड दोन्ही तेथे बांधले जातात. मग दरवाज्याबाहेरची गल्ली पांढरी पडली तरी पडू द्या. आपली गोष्ट गल्लीची नाही.

सावळ्या त्वचेवर पावडर फासू नका, चेहरा राखाडी आणि सपाट होतो. सावळी त्वचा उजेड परतवते ती चमकेतून. तोंड धुऊन हलका तेलाचा हात फिरवला आणि उजेडाचा स्रोत मोठा व मऊ ठेवला, तर गाल, कपाळ, नाकाची कड सुंदर उमटते. 'मूनलाइट' या २०१६ च्या अमेरिकन चित्रपटात काळ्या माणसांचे चेहरे याच विचाराने चित्रित केले आहेत. आपल्या आज्यांना हे आधीच माहीत होते, त्या लेकरांना तेल लावूनच फोटो काढायला नेत.

ट्यूबलाइटखाली चित्र फडफडते, कारण आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे. मोबाइलमध्ये सेटिंग बदलता येत असेल तर पंचवीस फ्रेम आणि शटर एक पन्नासांश सेकंद ठेवा. पिवळा दिवा आणि पांढरी ट्यूब एकाच वेळी लावू नका, चेहऱ्याचा एक भाग पिवळा आणि एक निळा होतो.

कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. त्यासाठी तुम्हाला जमिनीवर बसावे लागेल. बसा. आणि मागच्या भिंतीवर काय ठेवायचे ते विचार करून ठेवा. तसबीर अर्धी कापलेली नको, डोक्यातून शिंग उगवल्यासारखी नको. ती चौकटीत घेतली तर पूर्ण आणि सन्मानाने घ्या.

हे शिकायला एक रविवार पुरतो. दिवे विकत घ्यावे लागत नाहीत.

घाई का?

रमाबाई नगरचा पुनर्विकास सुरू आहे. एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून तेथे इमारती उभारणार आहेत. पक्के घर हा आपल्या माणसांचा हक्क आहे आणि तो वेळेवर, सर्वांना मिळाला पाहिजे, त्यासाठी लढावेही लागेल. पण ज्या खोल्यांत बाबासाहेबांचे वाचन झाले, ज्या गल्ल्यांतून १९९७ च्या त्या सकाळी माणसे धावली, ज्या ओट्यांवर शाहिरांनी डफ वाजवला, त्या जागा जात आहेत. म्हाताऱ्या बायाबापड्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर जात आहेत. त्या आपण आज, नीट उजेडात, नीट चौकटीत, स्पष्ट आवाजात नोंदवल्या नाहीत, तर उद्या दुसरे कोणी उंचावरून काढलेली ताडपत्र्यांची दृश्ये दाखवून आपला इतिहास सांगेल. गोळीबारात गेलेल्यांच्या घरच्यांशी बोलायचे असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या, चित्रण त्यांना दाखवा, नको म्हणाले तर पुसून टाका. दुसऱ्याच्या दुःखावर आपली कारकीर्द उभी करणाऱ्यांची कमी नाही, त्यात आपली भर नको.

त्या मुलाने लघुपट पुन्हा केला. या वेळी आईला त्याने दरवाज्याच्या बाजूला बसवले, बहिणीने थर्माकोल धरला, तो स्वतः जमिनीवर बसला. आई भाकरी थापत होती. तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, कपाळावरचा घाम, पिठाने भरलेल्या बोटांवरची भाजल्याची जुनी खूण, सगळे दिसत होते. विहारात मोबाइल भिंतीला टेकवून आम्ही तो सगळ्यांना दाखवला. आई पहिल्यांदा हसली, मग गप्प झाली, मग म्हणाली, "अरे, मी अशी दिसते व्हय? परत लाव."

आम्ही परत लावला.

जय भीम!